बदकांच्या घराचं बिल

परवा आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. संसदेच्या कॅन्टीनचं जुनं दरपत्रक, सगळ्यात वर चहा एक रुपया, आणि खाली लाल अक्षरांत 'जनतेच्या पैशांवर मजा'. पाच मिनिटांत ग्रुपभर संतापाची लाल तोंडं. मला राहवलं नाही. मी लिहिलं, की ही सबसिडी बंद झाल्याचं लोकसभा अध्यक्षांनी जानेवारी २०२१ मध्येच सांगितलंय, हा कागद आता शिळा झाला. त्यावर एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "बाय, तू पुढाऱ्यांची बाजू कधीपासून घ्यायला लागलीस?"

ते मला लागलं. रात्रभर डोक्यात राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

एकतीस वर्षं मी गोवा सरकारच्या नोकरीत बिलं तपासली. फोंड्याहून सकाळची बस, बाणस्तारीचा पूल, ओल्ड गोवा, रायबंदर, आणि साडेनऊला पणजीत टेबलावर बिलांचा गठ्ठा. पगारबिलं, कंटिन्जन्सीची म्हणजे किरकोळ खर्चाची बिलं, मेडिकलची, आणि सगळ्यात डोकं खाणारी टीए बिलं, म्हणजे प्रवासभत्त्याची. कोण कुठे गेला, किती वाजता निघाला, कुठल्या वर्गाने गेला, मुक्काम किती दिवसांचा, सोबत पावती आहे की नुसताच दाखला. ज्याने हे काम केलंय त्याला राग कशाचा येतो हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही. मला एक रुपयाच्या चहाने राग येत नाही. पावती मागितल्यावर जो माणूस हसतो, त्याचा येतो.

तर २००९ सालची गोष्ट. माझा भाचा तेव्हा नुकताच पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला होता. आपल्याकडची किती पोरं तिथे आहेत ते गोव्यात कुणाला सांगायला नको. गोदामात रात्रपाळी करायचा आणि रविवारी फोन करायचा. मे महिन्यातल्या एका रविवारी पहिलंच वाक्य: "मावशे, हांगा एका खासदारान बदकांच्या घराचें बिल दिलां!" (आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत. हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी.) मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मी त्याला म्हटलं, पेपर सांभाळून ठेव. चतुर्थीला आला तेव्हा बॅगेतून चॉकलेटांबरोबर इंग्रजी पेपरांचा एक जाडजूड गठ्ठा निघाला, कॅन्टीनमधून गोळा केलेला, काही पानांवर चहाचे डाग. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान बाजूला ठेवून मी बलकांवावर, म्हणजे ओसरीवर, तेच वाचत बसले होते, आणि वहिनी आतून ओरडत होती.

थोडक्यात सांगते. ब्रिटनमधल्या खासदारांना लंडनमध्ये राहण्यासाठी दुसऱ्या घराचा खर्च मिळायचा. २००८-०९ साली त्याची कमाल मर्यादा २४ हजार पौंडांच्या आसपास होती. हेदर ब्रूक नावाच्या एका पत्रकार बाईने २००४ पासून या खर्चाची माहिती मागायला सुरुवात केली, आणि मग माहिती अधिकाराखाली अर्ज केले. नकार, अपील, लवाद, पुन्हा अपील, असं करत प्रकरण हायकोर्टात गेलं आणि मे २००८ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. संसद मग कागद तयार करायला बसली. पण तो काळ्या पट्ट्या मारलेला संच बाहेर यायच्या आधीच सगळी बिलं असलेली डिस्क फुटली, 'डेली टेलिग्राफ'च्या हाती लागली, आणि ८ मे २००९ पासून रोज सकाळी एकेक नाव छापून यायला लागलं. सभापती मायकल मार्टिन यांना पद सोडावं लागलं. सभागृहाच्या सभापतीला असं जावं लागण्याची वेळ १६९५ नंतर पहिल्यांदाच आली होती.

यातली बदकं जगभर गाजली. सर पीटर व्हिगर्स यांच्या तळ्यातलं बदकांचं तरंगतं घर, किंमत १,६४५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपयांच्या आसपास. दुसरे डग्लस हॉग, वाड्याभोवतीच्या खंदकाची सफाई. आपल्याकडच्या पेपरांतही या दोन गोष्टी चौकटीत आल्या. पण त्या गठ्ठ्यातल्या एका बातमीत एक ओळ होती, ती वाचून मी पान खाली ठेवलं. बदकांच्या घराचे पैसे व्हिगर्सना मिळालेच नव्हते. संसदेच्या खर्च कार्यालयातल्या कुणीतरी त्या रकमेजवळ हाताने लिहून ठेवलं होतं, 'मान्य करता येत नाही'.

तो लिहिणारा कोण होता, बाई होती की बुवा, मला ठाऊक नाही. पण ते अक्षर मला माझ्या टेबलावरचं वाटलं. ऑफिसात याला आम्ही 'ऑब्जेक्शन मारणं' म्हणायचो. एक लांबट चिठ्ठी बिलाला टाचायची, त्यावर नंबर घालून हरकती लिहायच्या, आणि बिल आल्या वाटेने परत. त्या चिठ्ठीला आवाज नसतो. ती कुणी छापत नाही. आणि सरकारचा पैसा वाचतो तो मात्र तिथे वाचतो.

आता माझी गोष्ट सांगते. खातं सांगत नाही, माणूस सांगत नाही. नव्वदच्या दशकातलं आहे.

एका निवडून आलेल्या माणसाचं दिल्ली दौऱ्याचं बिल माझ्याकडे आलं. विमानाचं तिकीट बरोबर, मुक्कामाचं बिल बरोबर. सोबत टॅक्सीच्या चौदा पावत्या, नऊ दिवसांत विखुरलेल्या. दिल्लीत नऊ दिवस वेगवेगळ्या टॅक्सींतून फिरलेला माणूस, आणि पावत्यांवरचे नंबर ४१ ते ५४, एकही नंबर न गळता. सगळीकडे एकच निळं बॉलपेन. मी त्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या. वरच्या पावतीची फाटलेली कड खालच्या पावतीच्या कडेत अशी बसली, की मधे नख शिरेना. एकाच बुकातून, एकाच बैठकीत, कुणीतरी आरामात बसून फाडल्या होत्या. एका ठिकाणी तारीख घालायला विसरला होता, ती नंतर दुसऱ्या शाईने घातलेली.

रक्कम किती? तीन हजार एकशे आणि काही. मी ऑब्जेक्शन लिहिलं. बिल गेलं, आठवड्याने परत आलं. सोबत दाखला: 'खर्च प्रत्यक्षात झाला असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' मी पुन्हा लिहिलं, पावत्या सलग नंबरच्या का आहेत याचा खुलासा व्हावा. पुन्हा गेलं, पुन्हा आलं, त्याच दाखल्यासह, फक्त सही जास्त मोठ्या माणसाची. मग साहेबांनी बोलावलं. वाईट माणूस नव्हता. समोरची खुर्ची दाखवली, म्हणाला, "बाय, तीन हजारांसाठी तू किती दिवस घालवणार? मार्च एंडिंग आहे. दाखला आहे ना? दाखल्यावर आपण सुटलो."

मी सही केली.

एकतीस मार्चची रात्र होती, ट्रेझरीत बिलांची रांग, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले पेपरवेट. मी सही केली आणि बिल पास झालं. ही गोष्ट मी आजवर घरातही धड सांगितलेली नाही. त्या चौदा पावत्यांच्या कडा मला अजून बोटांना आठवतात. त्यामुळे माझ्या त्या सहकाऱ्याने मला 'बाजू घेतेस' म्हटलं तेव्हा मला किती लागलं असेल याची त्याला कल्पना यावी.

इंग्लंडातही सगळे कारकून हरकत घेणारे नव्हते, हे त्याच पेपरांत होतं. बदकांवर हरकत आली, पण त्याच कार्यालयातून हजारो पौंडांची इतर बिलं सरळ पास झाली, कारण 'नियमात बसत होती'. तिथल्या नियमात एक फट होती. दुसरं घर कुठलं हे खासदाराने स्वतः ठरवायचं, आणि ते बदलताही यायचं. आज लंडनचा फ्लॅट दुसरं घर, त्याची दुरुस्ती सरकारी खर्चाने. उद्या गावचं घर दुसरं घर, की त्याचीही दुरुस्ती. आणि काहीजण नियमाच्याही पार पलीकडे गेले होते. एलियट मॉर्ली यांनी फिटलेल्या गृहकर्जाचं व्याज घेतलं, तीस हजार पौंडांहून जास्त. डेव्हिड चेटर यांनी खोटी बिलं जोडली. चेटरना अठरा महिने, मॉर्लींना सोळा महिने कैद झाली. मी माझ्या ओळखीतल्या दहाजणांना विचारून पाहिलंय. बदकं सगळ्यांना आठवतात. मॉर्लींचं नाव एकालाही नाही.

पेपरवाल्यांवर माझी तक्रार इथे आहे, आणि ती मनापासून आहे, कारण पेपर वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. बदकांच्या घराचा फोटो छापता येतो. गृहकर्जाच्या व्याजाचा कसा छापणार? चहाचा दर हेडलाइनमध्ये मावतो. मतदारसंघ भत्ता मावत नाही. २४ मार्च २०२५ ला खासदारांचं वेतन लाखावरून एक लाख चोवीस हजार झालं, तेव्हा चॅनेलांवर दोन दिवस तोच आकडा फिरत होता. त्याच अधिसूचनेत मतदारसंघ भत्ता ७० हजारांवरून ८७ हजार झाला, दैनिक भत्ता २,००० वरून २,५००. आता नीट बघा. वेतन म्हणजे वेतन, ते कामाचं मोल, कुणाला जास्त वाटेल, कुणाला कमी. पण मतदारसंघ भत्ता हा एकरकमी मिळतो, दर महिन्याला, बिल न लावता. बिलच नाही, तर ऑब्जेक्शन मारायचं कशावर? इंग्लंडातलं प्रकरण उघडकीला आलं ते तिथे बिलं लावावी लागत होती म्हणून. आपल्याकडे एवढी मोठी रक्कम बिलाशिवाय जाते, हा खरा रागाचा विषय. आणि त्यावर मला आजपर्यंत एकही चर्चा रात्री नऊ वाजता ऐकायला मिळालेली नाही.

त्याच २००९ सालच्या सप्टेंबरात आपल्याकडे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि राज्यमंत्री शशी थरूर पंचतारांकित हॉटेलांत राहत असल्यावरून वादळ उठलं होतं. सरकारी घर तयार नाही, पैसे आम्ही खिशातून देतो, असं दोघांनी सांगितलं. आणि मग थरूर यांनी विमानाच्या साध्या वर्गाबद्दल ट्विटरवर लिहिलेले दोन शब्द सापडले, 'कॅटल क्लास', म्हणजे गुरांचा वर्ग. झालं. पुढचे कितीतरी दिवस ते दोन शब्दच. मी वाचलेल्या एकाही बातमीत मला हॉटेलचं बिल दिसलं नाही. कुणी दिलं, कधी दिलं, पावती कुठाय? माझ्यासारख्या बाईला एवढंच हवं होतं.

पावती दाखवली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्या देशातही आहे. राज्यसभेचे माजी खासदार अनिल सहनी यांनी खोटी विमान तिकिटं आणि खोटे बोर्डिंग पास लावून, प्रवास न करताच साडेतेवीस लाखांहून अधिक रक्कम मागितली होती. सीबीआयने ते कागद धरूनच खटला उभा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि तोवर ते बिहारात आमदार झाले होते, ती आमदारकीही गेली. आमच्या घरी येणाऱ्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर तीन बोटं होती. मी कापून ठेवली आहे.

गोव्याचं म्हणाल तर २०१४ चा ब्राझील दौरा आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. फुटबॉलचा विश्वचषक, सहा लोकप्रतिनिधी, अभ्यासदौरा, ८९ लाख. देशभर छी-थू झाली. फोंड्याच्या बाजारात बांगडे घेताना मासळीवाली मला म्हणाली, "बाय, आमकांय व्हरूंक जाय आशिल्लें." (आम्हालाही न्यायला हवं होतं.) तिचा राग खरा होता, माझाही. पण मी आठवडाभर पेपरांत शोधत होते ते वेगळंच. हा खर्च कुठल्या बजेट हेडखाली दाखवला? अंदाजपत्रक कुणी केलं? ८९ लाखांत तिकिटं किती, सामन्यांचे पास किती, मुक्काम किती? फायनान्सच्या फाइलवर कुणी काही लिहिलं का? माझी खात्री आहे, की कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी भुवया उंचावल्या असतील. त्या टेबलावरच्या माणसाने लिहिलं असेल की नाही, लिहिलं तर काय, हे आपल्याला कळायला हवं होतं.

बातमीदारांचा दोष किती हे मला माहीत आहे, त्यांच्यावर सगळं ढकलायचं नाही. आमच्या शेजारचा मुलगा एका पेपरात आहे. विधानसभा, कोर्ट आणि पंचायती, तिन्ही एकटाच बघतो. पर्वरीला अधिवेशन सुरू झालं की एलएक्यूच्या, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांच्या, उत्तरांच्या गठ्ठ्यातून त्याला रात्री आठपर्यंत तीन बातम्या काढायच्या असतात. उत्तरात एकूण आकडा असतो, तो तो उचलतो. (एलएक्यू आला की आमच्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत दिवे असायचे. त्या उत्तरात शक्य तितकं कमी कसं सांगावं, ही एक कलाच होती. मीही तसली उत्तरं टाइप केली आहेत.) 'टेलिग्राफ'ने काही माणसं दिवसचे दिवस एका बंद खोलीत बसवून ती डिस्क बिलाबिलाने वाचून काढली. इथल्या मुलाला कोण बसवणार?

डिस्क फोडण्याबद्दलही माझं मन साफ नाही. सरकारी कागद विकणं हे मला जमणारं नाही, मी त्या नोकरीतली. माझ्या मनात मान आहे तो हेदर ब्रूकबद्दल, जी कायद्याच्या वाटेने चार वर्षं अर्ज टाकत राहिली. पण एक कबूल करावंच लागतं. १८ जून २००९ ला ब्रिटिश संसदेने बिलं जाहीर केली, तेव्हा पानापानांवर काळ्या पट्ट्या होत्या. पत्ते काळे केलेले. आणि पत्ता काळा केला, की कुठलं घर पहिलं आणि कुठलं दुसरं हे कळायचा मार्गच बंद. म्हणजे डिस्क फुटली नसती तर घरांची अदलाबदल कळलीच नसती. 'गार्डियन'ने तेव्हा ४,५८,८३२ पानं लोकांसमोर ठेवली आणि सांगितलं, तुम्हीच वाचा. पहिल्या ८० तासांत लोकांनी १,७०,००० कागद तपासून दिले. कुणाच्या पगारावर नसलेल्या लोकांनी! हे वाचून मला एवढं बरं वाटलं होतं, की मी भाच्याला ते दोनदा फोनवर वाचून दाखवलं.

आपल्याकडचं आता सांगते, कारण हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहितेय. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाच्या आठ वर्षं आधी. २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम ८(१)(जे) खाली एक वाक्य होतं. मी ते पाठ केलं होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. कोणत्याही व्यक्तीला. फोंड्यातल्या पेन्शनर बाईलासुद्धा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते वाक्य काढून टाकलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागूही झाला. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढं म्हटलं की नकार देता येतो. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण ते हित मोठं आहे हे ठरवणार तोच, ज्याच्या टेबलावर माझा अर्ज पडलाय.

हा बदल झाला तेव्हा आमच्या ग्रुपवर एकही लाल तोंड आलं नाही. चहाच्या एक रुपयाला मात्र आलं.

मी एका सार्वजनिक संस्थेकडे, नाव इथे देत नाही, तिथल्या निवडून आलेल्या सदस्यांच्या एका अभ्यासदौऱ्याची बिलं मागितली. दहा रुपये फी भरून. एकूण रक्कम नको, व्हाउचरांच्या प्रती द्या, पानाला दोन रुपये देते, असं स्पष्ट लिहिलं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एक पान. एकूण रक्कम, आणि खाली एक ओळ: व्हाउचरांत व्यक्तिगत माहिती असल्याने देता येत नाहीत. टॅक्सीच्या पावतीत कुणाचं कसलं व्यक्तिगत असतं, मला समजत नाही. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, रक्कम. आणि पावतीचा क्रमांक.

मी पहिलं अपील केलं आहे. सुनावणीची तारीख आली आहे. अपिलात मी ८(२) चा आधार घेतलाय, आणि जोडीला असंही लिहिलंय की नावं, फोन नंबर, घरचे पत्ते खुशाल झाका, पण पावत्यांचे क्रमांक आणि तारखा झाकू नका. शेजारच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, तो यायचं म्हणतोय, वेळ मिळाला तर. ग्रुपवरच्या त्या सहकाऱ्यालाही काल रात्री फोन केला. चाळीस वर्षांची ओळख, आणि टीए बिलांत त्याची नजर माझ्याहून तेज. तो आधी म्हणाला, "कशाला या वयात?" मग थोडा वेळ गप्प राहिला आणि विचारलं, पावत्या किती असतील म्हणून.

प्रती मिळाल्या तर इथे लावीन, जशा मिळतील तशा. पट्ट्या मारून दिल्या तर पट्ट्यांसकट.